न हलणारा आकडा

तिला सगळे पाराताई म्हणत. याला कारणं दोन. एक तर तिचं उभं आयुष्य थर्मामीटरच्या पाऱ्याकडे बघण्यात गेलं होतं, आणि दुसरं म्हणजे तिचा स्वतःचा पारा कधी चढेल याचा नेम नव्हता. विचारलं तर लोक पहिलं कारण सांगत.

आरोग्य कार्यालयाच्या तळघरात लसींचं भांडार होतं. बत्तीस वर्षं ती तिथली भांडारपाल. आत वरून झाकण उघडायचे चार मोठे फ्रिज, भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीतपेट्या, एक लाकडी टेबल आणि टेबलावर दोरीने पेन बांधलेलं रजिस्टर. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी साडेचारला प्रत्येक फ्रिजचं तापमान बघायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, खाली सही करायची. सुट्टी असो, तिला ताप असो, यात खंड नाही. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती नवी साडी सावरत सकाळी तळघराच्या पायऱ्या उतरली होती. वॉचमन म्हणाला, "ताई, आज तरी?" ती म्हणाली, "लग्न मुलाचं आहे, फ्रिजचं नाही."

लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. आठाच्या वर गेली की तिचा जीव हळूहळू जातो, आणि गोठली तर काही लसी तिथल्या तिथे निकामी होतात. बाटलीकडे बघून मात्र बहुतेक वेळा काहीच कळत नाही. कुठल्यातरी लांबच्या केंद्रात कुणाचं तरी बाळ रडत सुई टोचून घेतं, आई समाधानाने घरी जाते, आणि आत गेलेलं असतं नुसतं पाणी. पाराताईने हे एकदा नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलं आणि तेव्हापासून ते तिच्या डोक्यातून गेलं नाही.

नवराही तिला या तळघरातच भेटला. तो फ्रिज दुरुस्त करायचा. पहिल्या उन्हाळ्यात एक फ्रिज बंद पडला म्हणून त्याला बोलावलं, तर ही बाई त्याच्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक स्क्रूचा हिशेब विचारत होती. तो पुढे सगळ्यांना सांगायचा, "तिला वाटलं मी फ्रिज बिघडवीन, मला वाटलं ही माझं डोकं बिघडवेल. शेवटी फ्रिज सुधारला."

मग एका वर्षी नवी व्यवस्था आली. हाताखालच्या एकोणीस केंद्रांत आणि तळघरात प्रत्येक फ्रिजला सेन्सर बसले. सेन्सर दर दोन मिनिटांनी तापमान पाठवणार, ते एका कंपनीच्या सर्व्हरवर जमा होणार, आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या मोठ्या पडद्यावर सगळे आकडे दिसणार. ठीक असेल तर हिरवा, बिघडला तर लाल. डॉक्टरीणबाई कार्यालयाच्या प्रमुख. माणूस सरळ, पण कामाने वाकलेल्या. त्यांनी पाराताईला वर बोलावून घेतलं.

"ताई, आता पायऱ्या चढ-उतर नको. रजिस्टर बंद. तुम्ही इथे बसून पडद्यावर लक्ष ठेवायचं."

पाराताईने पडद्याकडे बघितलं. सगळं हिरवंगार होतं. तिला ते बरं वाटलं नाही, पण का ते सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी सांगता आलं. नदीकाठच्या केंद्राचा आकडा सकाळपासून चार पूर्णांक दोन होता. दुपारीही चार पूर्णांक दोन. तिने तिथल्या सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "अहो ताई, सेन्सरची वायर परवा झाडताना निघाली, सांगायचं राहिलं. फ्रिज छान चाललाय, मी साधा थर्मामीटर बघते रोज."

म्हणजे दोन दिवस पडदा परवाचा आकडा आजचा म्हणून दाखवत होता, तोही हिरव्या रंगात.

कंपनीचा माणूस आला तेव्हा तिने त्याला गाठलं. तो तरुण, नम्र आणि घाईत होता. म्हणाला, "मॅडम, नवीन माहिती आली नाही तर पान शेवटची माहिती दाखवतं. पडदा रिकामा दिसू नये म्हणून."

"मग 'ही परवाची माहिती आहे' असं तिथे लिहा."

"तसा बदल करायचा तर अर्ज करावा लागेल. पाच-सहा महिने जातील."

पाराताईचा पारा चढला, पण बोलली एवढंच, "लस सहा महिने थांबत नाही."

घरी जेवताना तिने ते सगळं सांगितलं. मुलगा कामासाठी दुसऱ्या शहरात असायचा. घरात ती, नवरा आणि सून. सून घरूनच एका ऑफिससाठी वेबपानं बनवायची. दिवसभर कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन. सासूला तिच्या कामातलं इतकंच माहीत होतं की त्यात ओरडा कमी आणि चहा जास्त लागतो.

सुनेने घास तसाच ठेवला. "आई, आकडे त्यांच्या सर्व्हरवर येतातच आहेत ना? तिथून वाचायची परवानगी मिळाली तर त्याच आकड्यांचं दुसरं पान बनवता येईल. आपल्याला हवं तसं. मी चार दिवसांत करून देते."

"तू करून दिलंस तर उद्या काही बिघडलं की मी तुझ्या दाराशी उभी. मला शिकव."

नवरा ताटातून वर न बघता म्हणाला, "पोरी, हो म्हण. नाहीतर ती माझ्याकडून शिकेल आणि मला येत नाही."

परवानगी डॉक्टरीणबाईंनी कंपनीकडून लेखी मिळवून दिली, फक्त वाचण्यापुरती. आणि मग रोज सकाळी साडेपाच ते सात, जेवणाच्या टेबलावर, सासू-सुनेची शाळा भरू लागली. सासू चोपन्न वर्षांची, मास्तरीण एकोणतीसची. पहिला आठवडा रडकुंडीचा होता. एक कंस मिटायचा राहिला की सगळं पान कोरं. पाराताई म्हणायची, "एका कंसासाठी इतका रुसवा? आमच्याकडे सही विसरली तरी रजिस्टर फाडत नाहीत."

पण सून समजावून सांगण्यात हुशार होती. "आई, पान म्हणजे ताट समजा. ताट आधी येतं, वाढणं मागून. मधल्या वेळात ताट रिकामं असतं. तेव्हा काय दिसायला हवं, ते तुम्ही ठरवायचं."

"आणि वाढणारा आलाच नाही तर?"

"तेही तुम्हीच लिहायचं. म्हणूनच तर पान आपलं."

सर्व्हरकडून माहिती मागवण्याचा धडा आला तेव्हा सून जरा अडखळली. हे अवघड जाईल असं तिला वाटत होतं. "आपण विचारलं की सर्व्हर लगेच उत्तर देत नाही. आधी नुसतं वचन देतो. आमच्याकडे त्याला प्रॉमिसच म्हणतात. नंतर तो ते पाळतो, किंवा मोडतो. आपण दोन्ही धरून चालायचं. पाळलं तर काय करायचं, मोडलं तर काय करायचं, दोन्ही आधीच लिहून ठेवायचं."

पाराताईने चष्मा कपाळावर सरकवला. "यात अवघड काय? तुझ्या सासऱ्यांनी 'दहा मिनिटांत येतो' म्हटल्यावर मी तेच करते."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी ऐकतोय."

दोन महिन्यांनी पहिल्यांदा खरे आकडे तिच्या पानावर उमटले. साधा पांढरा पडदा, काळी अक्षरं, वीस ओळी: एकोणीस केंद्रं आणि विसावं तिचं तळघर, चार फ्रिजांच्या चार आकड्यांसकट. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग ती ताडकन उठली. दोन केंद्रांसमोर शून्य होतं. शून्य म्हणजे लस गोठायच्या बेतात. ती चप्पल न घालता अंगणात गेली, कारण फोनला तिथे आवाज चांगला यायचा, आणि दोन्ही सिस्टरना झोपेतून उठवलं. दोघींनी धावत जाऊन थर्मामीटर बघितला. एकीकडे पाच, दुसरीकडे साडेचार.

सून कोड बघून म्हणाली, "त्या दोन सेन्सरकडून काहीच आलं नाही. आणि तुमच्या कोडने 'काहीच नाही'चं शून्य करून टाकलं. आमच्याकडे मोठमोठी माणसंसुद्धा या खड्ड्यात पडतात."

पाराताईने आपली वही काढली, त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: काहीच न कळणं म्हणजे शून्य नव्हे. आणि खाली, सवयीने, सही केली.

त्यानंतर ते पान जसजसं घडत गेलं तसतशी सून मास्तरीणपण विसरून नुसती बघू लागली. सासूला रंगांची, सजावटीची हौस नव्हती. तिचे प्रश्न वेगळेच असायचे. आकड्यासमोर वेळ हवी, पण "दहा वाजून चौदा मिनिटं" अशी नको. "घड्याळाकडे बघून वजाबाकी कोण करत बसेल? 'तीन मिनिटांपूर्वी' असं लिही म्हणावं त्याला." दहा मिनिटांपेक्षा जुना आकडा झाला की तो फिका पडायचा आणि शेजारी त्या केंद्रातल्या सिस्टरचा आणि मदतनीस बाईंचा फोन नंबर यायचा. सून म्हणाली, "नंबर कशाला? यादी आहे ना तुमच्याकडे." पाराताई म्हणाली, "यादी कपाटात असते. घाबरलेल्या माणसाला कपाट सापडत नाही."

आणि एक नियम तिने असा काढला, जो सुनेने कुठल्याच पानावर बघितला नव्हता.

"समज, सेन्सर बिघडला. पण गप्प बसायच्या ऐवजी तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. मग वेळ ताजी दिसेल, आकडा शिळा असेल. ते कसं पकडायचं?"

सून विचारात पडली. "ते पानाला कळणार नाही, आई. आलेली माहिती खरी मानावीच लागते."

"का मानावी? फ्रिज श्वास घेतो. मोटर चालू झाली की थोडा उतरतो, बंद झाली की थोडा चढतो. झाकण उघडलं की धाप लागते त्याला. बत्तीस वर्षांत मी एकही फ्रिज असा बघितला नाही जो एका जागी स्तब्ध राहिला." तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, चालू फ्रिजचा आकडा जास्तीत जास्त किती वेळ हलणार नाही?"

नवरा दारात येऊन विचार करू लागला. "मोठे फ्रिज सावकाश हलतात. पण एका दशांशाने तरी हलतातच. पंधरा-वीस मिनिटं म्हण."

तिने अंदाजावर सोडलं नाही. तीन आठवड्यांचे आकडे घेऊन बसली आणि वीसही ठिकाणच्या फ्रिजांपैकी कुठला सर्वांत जास्त वेळ एका आकड्यावर थांबला ते काढलं. सव्वीस मिनिटं. त्यावर थोडी सवलत देऊन तिने चाळीसची मर्यादा घातली. चाळीस मिनिटं आकडा तसूभरही हलला नाही तर ओळ पिवळी होणार आणि पुढे फोन नंबरांबरोबर शब्द येणार: आकडा हलत नाही, जाऊन बघा.

सून त्या दिवशी आपल्या ऑफिसच्या कामाला उशिरा बसली. सासूचा कोड तिने दोनदा वाचला होता. त्यात दोष काढायला जागा होती, ओळी लांबलचक होत्या, नावं मजेशीर होती. एका भागाला सासूने 'नाडी' असं नाव दिलं होतं. सुनेने ते नाव बदललं नाही.

चाचणी म्हणून ते पान डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या पाराताईच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर चालू राहिलं. भिंतीवरचा मोठा पडदा आपल्या जागी होता. येणारे-जाणारे मोठ्या पडद्याकडे बघत, आणि हिच्या छोट्या पानाला कुणी 'ताईंचं रजिस्टर' म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रजिस्टरच होतं ते.

उन्हाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या केंद्रात मोठं लसीकरण होतं; आसपासच्या वस्त्यांमधली दोनशेच्या वर मुलं येणार होती. लस आदल्या दिवशीच तिथल्या फ्रिजमध्ये पोचली होती. दुपारी दीडच्या सुमाराला पाराताई डबा उघडत होती. समोरची एक ओळ पिवळी झाली.

टेकडीवरचं केंद्र. चार पूर्णांक सहा. एक मिनिटापूर्वी. आकडा हलत नाही, जाऊन बघा.

तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं. मोठ्या पडद्यावर तोच आकडा होता, हिरवा.

तिने ओळीतला नंबर लावला. सिस्टर वस्तीत घरोघर निरोप द्यायला गेली होती, फोन लागेना. दुसरा नंबर केंद्रातल्या मदतनीस बाईंचा. त्या म्हणाल्या, "ताई, इथे सगळं ठीक आहे. फ्रिजचा दिवा लागलाय."

"दिवा बघू नका. झाकणाच्या आत थर्मामीटर आहे, तो वाचा."

तोवर डॉक्टरीणबाई खोलीत आल्या. "काय झालं, ताई? सगळं हिरवं तर आहे."

"मॅडम, जिवंत फ्रिज असा समाधी लावून बसत नाही," पाराताई म्हणाली आणि फोन कानाला लावून थांबली.

तिकडून झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मदतनीस बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सहाच्या पुढे गेलाय. सहा आणि वर चार रेघा."

दिवा लागत होता, पण मोटर बंद पडली होती. आणि सेन्सरचा डबा, त्याच विजेच्या झटक्याने की कशाने देव जाणे, चाळीस मिनिटांपूर्वीचा एकच आकडा घोकत होता. अजून तासाभरात आठाची रेघ ओलांडली गेली असती आणि उद्या दोनशे मुलांना कुणाला काही न कळता तीच लस टोचली गेली असती.

पाराताईचा आवाज अजिबात चढला नाही. "बाई, आता मी सांगते तसं करा. खोलीचं दार लावून घ्या. फ्रीझरमधून बर्फाच्या पट्ट्या काढा, पाच मिनिटं बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे, नाहीतर लस गोठेल. मग शीतपेटीत चारी बाजूंनी लावा, मध्ये बाटल्या. थर्मामीटर पेटीतच ठेवा. मी फोन ठेवत नाही." एकेक बाटली तिने मोजून घेतली. डॉक्टरीणबाईंनी तोवर गाडी पाठवली. पाऊण तासाने शेवटच्या पेटीचं झाकण लागलं तेव्हा आतला पारा पाचावर होता. डबा तसाच उघडा राहिला होता. पोळी वाळून पापड झाली होती.

दुसऱ्या दिवशीचं लसीकरण ठरल्या वेळी झालं. दोनशे चौदा मुलं आली.

आठवड्याभरात बैठक बसली. कंपनीचा तो तरुण आला होता, त्याच्याबरोबर त्याचे वरिष्ठही. वरिष्ठांनी पाराताईचं पान मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं आणि बराच वेळ बघून विचारलं, "हे कुणाकडून करून घेतलंत?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करून घेतलं नाही. आमच्या भांडारपालांनी केलंय. त्याच सांगतील."

पाराताई उभी राहिली. मागच्या रांगेत सून बसली होती. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती. पाराताईला भाषणाची सवय नव्हती, म्हणून तिने एकेका ओळीवर बोट ठेवून नुसतं सांगत नेलं: हे कधी फिकं होतं, हे कधी पिवळं होतं, इथे रिकामं का ठेवलंय आणि शून्य का नाही. तो तरुण वहीत भराभर लिहून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, चाळीस मिनिटांचा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात असेल तर मला माहीत नाही. मी तीन आठवड्यांचे आकडे तपासले. आणि त्याआधी बत्तीस वर्षं झाकण उघडून बघितलं."

वरिष्ठांनी त्या तरुणाची वही आपल्याकडे ओढून वाचली. मग म्हणाले, "हे आम्हाला आमच्या पानात घ्यायचंय. तुमची परवानगी असेल तर."

"घ्या. पण शिळा आकडा हिरवा दाखवू नका. एवढीच अट." तिने थांबून भर घातली, "आणि अर्जबिर्ज नको. पाच-सहा महिने जातील."

त्या तरुणाला आधी हसू आलं, मग कान लाल झाले.

बैठक संपल्यावर जिन्यात सून तिला म्हणाली, "आई, मी सात वर्षं हे काम करते. आज पहिल्यांदा वाटलं, मी काय काम करते ते कुणाला तरी नीट सांगता येईल."

"काय सांगशील?"

"की माझ्या सासूबाई तेच काम करतात."

पाराताईने कठडा धरला आणि दोन पायऱ्या काहीच न बोलता उतरली. तिचा स्वभाव बघता हे फार झालं.

कंपनीने तो बदल अडीच आठवड्यांत केला. पाराताईचं पद बदललं नाही, भांडारपालच राहिलं. तिने बदलून मागितलंही नाही. मात्र केंद्रांतल्या सिस्टरांचे फोन वाढले. एकीला अक्षरं मोठी हवी होती, दुसरीला आपल्या केंद्राची ओळ सगळ्यांत वर. टेकडीवरच्या सिस्टरने तर विचारलं, "ताई, हे मलाही शिकता येईल का?" आता आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेपाचला, टेबलावरच्या संगणकात तिसरा चेहरा दिसतो.

मागच्या महिन्यात सुनेच्या ऑफिसने पाराताईला बोलावलं. तिथली पंचवीस-तीस माणसं, सगळी स्क्रीनवर, आपापल्या चौकोनात. त्यांनाही तोच त्रास होता: त्यांच्या कुठल्याशा पानावर जुने आकडे ताजे म्हणून दिसत होते आणि कुणाला कळत नव्हतं. पाराताई चष्मा पुसून टेबलाशी बसली. समोरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करावी?"

"तुमचा आकडा ज्या गोष्टीचा आहे, ती गोष्ट आधी प्रत्यक्ष जाऊन बघा," ती म्हणाली. "ती कशी हलते ते कळलं की ती कधी खोटं बोलते ते कळेल."

चौकोनांतली माणसं लिहून घेऊ लागली. दारात नवरा उभा होता. त्याच्या फोनवर एक गिऱ्हाईक फ्रिज कधी दुरुस्त होणार म्हणून तक्रार करत होतं. तो हलक्या आवाजात त्याला म्हणाला, "जरा थांबा हो. इथे आमची बायको शिकवतेय, ते ऐकून येतो."